वॉर्डातलं रजिस्टर

मिशन हॉस्पिटल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चॅपलचा क्रूस येतो, पांढऱ्या वेषातल्या सिस्टर येतात, कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन करणारा परदेशी डॉक्टर येतो. उत्तर युगांडातल्या एका मिशन हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी काही वर्षं काम केलं, आणि मला सगळ्यात आधी आठवतं ते मुलांच्या वॉर्डातलं रजिस्टर. लांबलचक, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं, हाताळून हाताळून कोपरे गोल झालेलं. शिवण सुटू नये म्हणून कुणीतरी पाठीवर जखमेला लावायची चिकटपट्टी डकवलेली. उघडलं की दोन पानांवर पसरलेले रकाने: तारीख, नाव, वय, मुलगा की मुलगी, गाव, पॅरिश आणि सब-काउंटी (गावांवरचे सरकारी विभाग), काय झालंय, काय दिलं, आणि अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना, पुढे काय झालं. त्यात एकदोन शब्दच मावतात. बरा होऊन घरी. पुढच्या हॉस्पिटलला पाठवला. पळून गेले. वारला.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या रुग्णांबद्दल सांगायचंय. अचोली लोकांच्या मुलखात, लाल मातीच्या रस्त्याला लागून ते आहे. कॅथलिक धर्मप्रांताचं. पाया घातला इटलीच्या कोम्बोनी मिशनऱ्यांनी, पण मी गेले तेव्हा डॉक्टर, मेट्रन म्हणजे मुख्य नर्स, लॅबचे प्रमुख सगळे युगांडाचेच होते. हे आधीच सांगते, कारण आपल्याकडे अजून अनेकांना वाटतं की तिथे गोरे डॉक्टर काळ्या रुग्णांना तपासत बसलेले असतात.

मी मिरजेची. आमच्याकडे आजारी माणसाला 'मिशनमध्ये' नेतात. विल्यम वॉनलेस या डॉक्टरांनी १८९४ साली उभारलेलं ते हॉस्पिटल आमच्या आजीच्या बोलण्यात एखाद्या नातेवाइकासारखं यायचं. त्यामुळे मिशन हॉस्पिटलात काम करायला आफ्रिकेत जातेय म्हटल्यावर घरच्यांना त्यातला 'आफ्रिका' हा शब्द परका वाटला, 'मिशन' नाही.

दिवस चॅपलमध्ये सुरू व्हायचा. साडेसातला प्रार्थना, अचोली भाषेतलं एक गाणं, मग बायबलमधला एक उतारा. मी ख्रिस्ती नाही, पण रोज जायचे. प्रार्थना संपली की कुणी उठायचं नाही, कारण रात्रपाळीची सिस्टर तिथेच उभी राहून रात्रीचा हिशेब वाचायची. किती दाखल झाले, किती बाळंतपणं झाली, सिझेरियन किती, रक्त किती पिशव्या लागलं. आणि कोण गेलं. गेलेल्यांची नावं ती गावासकट वाचायची. मग थोडा वेळ शांतता, आणि लगेच सगळे आपापल्या कामाला. मृत्यू म्हणजे आकडा होऊन जायचा धोका प्रत्येक हॉस्पिटलात असतो. दोनशे-तीनशे खाटांच्या हॉस्पिटलात, पावसाळ्यात, तर फारच. ते नाव मोठ्याने उच्चारलं गेल्यामुळे दिवसभराच्या कामाला एक वजन यायचं, एवढं मी नक्की सांगू शकते.

बाहेर ओपीडीच्या ओट्यावर तोवर दीडदोनशे माणसं बसलेली असायची. युगांडात केसपेपर बहुतेक ठिकाणी रुग्णाकडेच असतो, आणि तो म्हणजे शाळेची साधी वही. दुकानातून वही घ्यायची, वर नाव घालायचं, डॉक्टर त्यात लिहितात, आम्ही लॅबवाले त्यात उत्तर लिहितो, आणि वही परत घरी जाते. मागच्या पानावर पाढे छापलेले, पुढे मलेरियाचा रिपोर्ट. एका वहीत कधी कधी तीन भावंडांचे आजार असायचे. वही पावसात भिजते, चुलीशेजारी जळते, उंदीर कुरतडतात. म्हणून हॉस्पिटलचं आपलं रजिस्टर महत्त्वाचं. वही हरवली तरी तिथे माणूस सापडतो.

आता सापडतो म्हणजे कसा, ते रेकॉर्ड ऑफिसातल्या मुलाकडे बसून बघावं. अचोली नावं जन्माची गोष्ट सांगतात. जुळ्यांतला पहिला मुलगा ओपियो, मुलगी असेल तर आपियो. दुसरा ओचेन, दुसरी आचेन. जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेला ओकेलो किंवा आकेलो. पाऊस पडत असताना झालेला ओकोत. दवाखान्याच्या वाटेतच झालेली आयो. नावं सुंदर, पण एका दिवसात पाच आकेलो येतात! मग वय विचारायचं, तर आजी म्हणते, 'मागच्या तिळाच्या सुगीला झाली.' शेवटी ओळख पटते ती गावावरून. म्हणून गाव, पॅरिश आणि सब-काउंटी हे तीन रकाने तो मुलगा कधी रिकामे सोडायचा नाही. दारात बेशुद्ध पोर असेल तर पोर आत जायचं आणि तो आईच्या मागे पेन घेऊन धावायचा.

गावाच्या रकान्यात या मुलखाचं युद्धही आहे. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीच्या बंडखोरीच्या काळात अचोली प्रदेशातली जवळजवळ सगळी वस्ती छावण्यांत हलवली गेली होती. उत्तर युगांडात मिळून बेघर झालेल्यांचा आकडा अठरा लाखांच्या आसपास पोचला होता. त्या वर्षांची जुनी रजिस्टरं कपाटात आहेत. पान उलटत जावं तसतसं गावांची वैविध्यपूर्ण नावं कमी होत जातात आणि तीचतीच छावण्यांची नावं येऊ लागतात. काही ठिकाणी मात्र लिहिणाऱ्याने छावणीच्या पुढे तिरकी रेघ मारून मूळ गावही लिहिलंय. तसं लिहा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. २००६ च्या शांतता बोलण्यांनंतर लोक हळूहळू परतले, तेव्हा पुढच्या पानांवर ती गावं पुन्हा उगवलेली दिसतात.

पाऊस सुरू झाला की लॅबचं रूप बदलायचं. उत्तरेत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा, आणि त्याच्या मागोमाग मलेरिया. आता तपासणीच्या पट्ट्या मिळतात, एक थेंब टाकला की पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. पण दाखल झालेल्या मुलाच्या रक्तात परजीवी किती आहेत हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. काचेवर जाड थेंब पसरायचा, वाळवायचा, फील्ड स्टेन या रंगाच्या एका भांड्यात बुडवायचा, पाण्यात, मग दुसऱ्या भांड्यात. निळसर-जांभळ्या पडद्यावर बारीक ठिपक्यांच्या अंगठ्या दिसू लागतात. दोनशे पांढऱ्या पेशी पूर्ण होईपर्यंत दर नजरेत अंगठ्या मोजत जायच्या. वीज गेली की आरसा फिरवून खिडकीतला उजेड घ्यायचा. जनरेटर असतो, पण डिझेल थिएटर आणि ऑक्सिजनसाठी राखून ठेवलेलं.

खरी भीती वाटायची ती हिमोग्लोबिनची. तीन ग्रॅम, अडीच ग्रॅम. आपल्याकडे एवढ्या कमी आकड्यावर माणूस उभा राहतो हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही. बोट टोचलं की लाल थेंब यायच्या जागी फिकट गुलाबी थेंब येतो आणि काचेवर ठेवताच पसरतो. एका रात्री एक आजी नातवाला पाठीवर बांधून आली. मूल दोनेक वर्षांचं असेल. धाप अशी की नाकपुड्या फुलत होत्या, तळहात पांढरेफटक. ड्यूटीवरची सिस्टर शीर शोधतेय, मी रक्ताचा गट बघतेय, आणि दारात तो रेकॉर्डवाला मुलगा आजीला गाव विचारतोय. आजीने एक नाव सांगितलं. तो म्हणाला, 'हे तर नदीपलीकडे येतं, तिथून चालत आलीस?' तेव्हा कळलं की ती दुपारपासून चालत होती. सिस्टरने मान वर न करता म्हटलं, 'हिला आधी चहा द्या. साखर जास्त घाला.' मुलाला ओ गटाचं रक्त मिळालं, मलेरियावरचं आर्टेसुनेटचं इंजेक्शन मिळालं. पहाटे मी पिशवी बदलायच्या वेळी वॉर्डात गेले, तर ते आजीची बांगडी धरून तोंडात घालायला बघत होतं. रक्त चढल्यावर मुलं ज्या वेगाने माघारी येतात तो वेग मी कितीही वेळा पाहिला तरी मला सरावाचा झाला नाही. पुढे त्या नोंदीच्या शेवटच्या रकान्यात 'घरी' असं लिहिलेलं मी मुद्दाम जाऊन पाहिलं.

आर्टेसुनेटबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. आधी गंभीर मलेरियाला क्विनीन देत, सलाइनमधून, तासन्‌तास. मग आफ्रिकेतल्या नऊ देशांत ५,४२५ मुलांवर दोन्ही औषधांची तुलना झाली. २०१० साली निष्कर्ष आले, आणि आर्टेसुनेटने मृत्यू २२.५ टक्क्यांनी कमी होतात असं दिसलं. असा अभ्यास मोठ्या शहरात बसून होत नाही. कुणीतरी रात्री तीन वाजता, पेंगुळलेल्या डोळ्यांनी, रकाना भरलेला असतो म्हणून होतो.

रक्त कुठून येतं? युगांडात रक्तदान करणाऱ्यांत माध्यमिक शाळांमधली मुलंमुली खूप मोठ्या संख्येने असतात. रक्तपेढीची गाडी शाळेत जाते, रांग लागते, पिशव्या भरतात. म्हणजे शाळांना सुट्टी लागली की रक्त आटतं, आणि सुट्टी पावसाळ्याच्या मध्यावर आली तर वॉर्ड भरलेला आणि फ्रिज रिकामा. सगळ्यांना हे ढोबळ माहीत होतं. आमच्या रेकॉर्डवाल्याने जुनी रजिस्टरं काढून महिन्यामहिन्याचा तक्ता केला: रक्त मागितलं किती वेळा, मिळालं किती वेळा, आणि न मिळाल्यावर शेवटच्या रकान्यात काय. तो तक्ता मेट्रनने उचलून थेट फादरांपुढे ठेवला. त्यानंतर सुट्टी लागण्याआधीच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात रक्तदान सुरू झालं. फादरांनी पहिली बाही वर केली. प्रवचनात काय सांगितलं ते मला भाषेमुळे नीट कळलं नाही, रांग मात्र दिसली.

दुपारी हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला गेलं की दुसरंच गाव भेटतं. रुग्णासोबत एक तरी माणूस राहतोच, त्याला तिथे अटेंडंट म्हणतात. रुग्णाचं जेवण, अंघोळ, कपडे सगळं त्याच्याकडे. चटई, पाण्याचा पिवळा जेरीकॅन, पातेलं आणि प्लास्टिकचं टोपलं, एवढा संसार घेऊन बायका येतात. मागे लांब पत्र्याची शेड, तिथे तीन दगडांच्या चुली आणि कोळशाच्या शेगड्या. शिजतं काय? नाचणी. पिठाचा गोळा, घट्ट घोटलेला, क्वोन. नाचणीचं मूळ घर पूर्व आफ्रिकेचा उंच प्रदेश, तिथूनच ती काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. सोबत मलाक्वांग: अंबाडीच्या कुळातला आंबट पाला, शेंगदाण्याच्या नाहीतर तिळाच्या वाटणात शिजवलेला. पहिला घास घेतला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंबाडीच्या भाजीत दाण्याचं कूट घालणाऱ्या घरातली मी. त्या बायकांनी विचारलं काय झालं, आणि मी सांगितलं तेव्हा त्यांतली एक हसून म्हणाली, 'मग तू आमचीच.' पुढे दर आठवड्याला मला कुणाच्या ना कुणाच्या पातेल्यातलं मिळायचं.

त्या शेडमध्ये हॉस्पिटलच्या अर्ध्या गोष्टी घडतात. एकीचं मूल गेलं तर दुसऱ्या तिचं सामान बांधतात. नव्याने आलेलीला कुठल्या खिडकीवर पैसे भरायचे, कुठली सिस्टर ओरडते पण मनाची चांगली, हे सांगतात. औषधं वेळेवर घ्यायला लावण्यात या बायकांचा वाटा नर्सेसइतकाच असतो असं माझं ठाम मत आहे. रजिस्टरात त्यांच्यासाठी रकाना नाही, तो असायला हवा.

एक आजार बघताना मला महाराष्ट्र सतत आठवायचा. सिकलसेल. युगांडाने २०१४-१५ मध्ये देशभरातल्या लहान बाळांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा १३.३ टक्के बाळांत या आजाराचा गुण आढळला, ०.७ टक्के बाळांना प्रत्यक्ष आजार. उत्तरेत प्रमाण जास्त आहे. गुण एकाच पालकाकडून आला तर गंभीर मलेरियापासून बराचसा बचाव होतो, दोघांकडून आला तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि मुलाचे हाल सुरू होतात. नंदुरबारमध्ये, गडचिरोलीत आदिवासी घरांत हेच चाललंय, आणि कारणही तेच: पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाच्या रानात राहिलेली माणसं. बोटं सुजलेल्या, डोळे पिवळे झालेल्या बाळाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली मी दोन्ही देशांत बघितलंय. काचेवर दोन्ही सारखीच दिसतात. इथल्या आया डॉक्टरांना विचारतात, 'माझ्याच घरात का?' तिथल्याही तेच विचारतात.

या सगळ्या लिहून ठेवण्याची परंपरा युगांडात फार जुनी आहे, आणि तिची सुरुवात मिशन हॉस्पिटलांतच झाली. अल्बर्ट कुक हे इंग्लिश मिशनरी डॉक्टर १८९७ साली कम्पालाला पोचले आणि त्यांनी नामिरेम्बेच्या टेकडीवर मेंगो हॉस्पिटल काढलं. पत्नी कॅथरीन स्वतः नर्स. कुक पतीपत्नींनी पुढे सुईणींची शाळाही काढली. या माणसाला प्रत्येक रुग्णाची टिपणं ठेवायची सवय होती. १९०१ च्या सुरुवातीला मेंगोला असे रुग्ण येऊ लागले ज्यांना झोप आवरत नव्हती, जे बोलता बोलता थांबत आणि वाळत जात. अल्बर्ट आणि त्यांचे भाऊ जॅक, दोघे डॉक्टर. हा निद्रारोग आहे हे त्यांनी ओळखलं. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाने ती साथ पुढची कैक वर्षं फिरली, आणि तिने सुमारे अडीच लाख माणसं नेली असा अंदाज आहे. कुकांच्या टिपणांचा उपयोग तिथे संपला नाही. १८९७ ते १९५६ अशा साठ वर्षांच्या मेंगोच्या नोंदी चाळून आफ्रिकेतल्या कर्करोगावर एक अभ्यास १९६४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. आफ्रिकेत कर्करोग नव्हताच, तो आधुनिक जगण्यासोबत आला, असं तेव्हा सर्रास म्हटलं जायचं. ते खोडून काढायला त्या जुन्या वह्या पुढे आल्या.

मिशनरी वैद्यकाचा इतिहास निर्मळ आहे असं मी म्हणणार नाही. ते साम्राज्यासोबत आलं. औषधाआधी प्रवचन ऐकावं लागे, स्थानिक रीतिरिवाजांना पाप ठरवलं जाई, आणि वरच्या जागा कितीतरी दशकं गोऱ्यांकडेच राहिल्या. आमच्या हॉस्पिटलातले वयस्क डॉक्टरही हे स्पष्ट बोलत. पण त्याच डॉक्टरांना त्या जुन्या रजिस्टरांबद्दल अपार आदर होता, कारण त्यांच्या स्वतःच्या आजोबांची नावं त्यांत होती, आणि त्या काळी दुसरं कुणी ती लिहून ठेवत नव्हतं.

बर्किटची गोष्ट मला कुणी सांगितली नसती तर मी लॅबमध्ये इतकी रमले नसते. डेनिस बर्किट हा आयर्लंडचा शल्यविशारद, लहानपणी अपघातात एक डोळा गेलेला, सरकारी नोकरीत पण मनाने पूर्ण श्रद्धावान. १९५७ साली कम्पालाच्या मुलागो हॉस्पिटलात बालरोगतज्ज्ञ ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना एक पाच वर्षांचा मुलगा दाखवला. जबड्याच्या चारही बाजूंना सूज. काही आठवड्यांनी जिंजाच्या हॉस्पिटलात खिडकीतून बाहेर बघताना गवतावर बसलेलं तसंच दुसरं मूल दिसलं. एक मूल असतं तर विचित्र गोष्ट म्हणून सोडून दिली असती, दोन दिसल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी फोटो छापलेली पत्रकं आफ्रिकाभर हॉस्पिटलांना पाठवली: असं मूल तुमच्याकडे येतं का? उत्तरं आली ती सरकारी आणि मिशन दवाखान्यांतून, जिथे कुणी ना कुणी लिहून ठेवलेलं होतं. १९६१ साली बर्किट जुनी गाडी घेऊन दहा हजार मैलांच्या प्रवासाला निघाले. सोबतच्या दोघांतले एक, टेड विल्यम्स, युगांडाच्या वेस्ट नाइल भागातल्या कुलुवा या मिशन हॉस्पिटलाचे डॉक्टर. हॉस्पिटलामागून हॉस्पिटल पालथं घालत त्यांनी नकाशा बनवला. ती सूज कर्करोगाची होती, आणि हा कर्करोग उष्ण, पावसाळी, सखल प्रदेशात आढळतो, म्हणजे मलेरियाच्याच प्रदेशात, हे त्यातून पुढे आलं. बर्किटचं लंडनमधलं व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टाइन कामाला लागले, आणि १९६४ साली एपस्टाइन-बार विषाणू सापडला. माणसात कर्करोगाशी नातं सिद्ध झालेला तो पहिला विषाणू.

हा कर्करोग आजही उत्तर युगांडात आहे. आमच्याकडे असं मूल आलं की मोठ्या हॉस्पिटलला पाठवत. औषध मिळालं की जबड्यावरची नारळाएवढी गाठ काही दिवसांत विरघळते, हे मी फोटोंच्या जोडीवर पाहिलंय. पण येतात उशिरा, आणि उपचार मध्येच सुटतात. गाडीभाड्याला पैसे नसतात.

आम्ही पाठवत असू ते बहुतेक वेळा लाचोरला. गुलू शहराजवळचं सेंट मेरीज हॉस्पिटल. १९५९ साली कोम्बोनी मिशनऱ्यांनी छोट्या प्रसूतिगृहाने सुरुवात केलेलं. १९६१ साली इटलीचे डॉ. पिएरो कोर्ती आले, आणि त्यांनी कॅनडाच्या तरुण सर्जन ल्युसिल टीसडेल यांना मदतीला बोलावलं. त्या यायच्या होत्या दोन महिन्यांसाठी. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं आणि ल्युसिल तिथल्याच झाल्या. युद्धातल्या जखमींवर ऑपरेशन करताना त्यांना एचआयव्हीची लागण झाली, १९८५ साली निदान झालं. त्यानंतरही कैक वर्षं त्या काम करत राहिल्या, १९९६ साली गेल्या. तोवर हॉस्पिटल कुणाच्या हाती द्यायचं हे ठरलेलं होतं: मॅथ्यू लुक्विया, किटगुमचा मुलगा, अचोली. १९८९ च्या गुड फ्रायडेला बंडखोर सिस्टरांना पळवून न्यायला आले, तेव्हा त्यांच्याऐवजी मला न्या म्हणून हा डॉक्टर स्वतः त्यांच्यासोबत गेला आणि आठवडाभर रानात राहून परत आला. दर संध्याकाळी बंडखोरांच्या भीतीने हजारो माणसं, बहुतेक मुलं, झोपायला लाचोरच्या आवारात यायची. त्यांच्यासाठी फाटक उघडं असायचं.

ऑक्टोबर २००० मध्ये लुक्विया कम्पालाला शिकायला गेले होते. लाचोरहून फोन आला: विचित्र ताप आहे, आपली नर्सिंगची मुलं दगावली. ते आले, रुग्णांना पाहिलं आणि रात्रभर गेलेल्यांचे केसपेपर वाचत बसले. एकेक ओळ. ताप, उलट्या, रक्तस्राव, कोण कुणाशेजारी होतं, कुणी कुणाला उचललं. सकाळपर्यंत त्यांना खात्री झाली होती की हा रक्तस्रावी ताप आहे. प्रयोगशाळेचं उत्तर दक्षिण आफ्रिकेतून यायला काही दिवस लागणार होते. त्यांनी वाट पाहिली नाही, लगेच वेगळा वॉर्ड उभारला, संरक्षक कपडे वापरायला काढले, मंत्रालयाला कळवलं. इबोलाच निघाला. त्या साथीत ४२५ माणसांना लागण झाली, २२४ गेली. उशीर झाला असता तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही, कारण शेजारी छावण्यांत माणसं खेटून राहत होती. नोव्हेंबरच्या अखेरीस नर्सेस एकामागून एक जाऊ लागल्या. बाकीच्या घाबरल्या, रागावल्या. लुक्विया त्यांच्यापुढे उभे राहिले, कुणावर सक्ती केली नाही, मी मात्र थांबणार म्हणाले. त्याच दिवसांत एका रात्री आजारी सहकाऱ्याला सावरायला धावताना त्यांच्या डोळ्यांवर आवरण नव्हतं. ५ डिसेंबर २००० ला ते गेले. वय ४३. हॉस्पिटलच्या आवारातच ल्युसिल यांच्या शेजारी त्यांना पुरलंय.

आमच्या वॉर्डातल्या एक वयस्क सिस्टर त्या काळात लाचोरला होत्या. मी एकदा विचारलं, डॉक्टरांना एवढ्या लवकर कसं कळलं? त्या म्हणाल्या, 'नर्सेसनी नीट लिहून ठेवलं होतं.' पुढे म्हणाल्या, त्यांतल्या काहींचं स्वतःचं नावही नंतर त्याच कागदांत आलं. मग त्या राउंडला निघून गेल्या.

मी त्यांना ख्रिस्ती श्रद्धेबद्दल फार छेडलं नाही. पण एक त्यांनी आपणहून सांगितलं. देव माणसाला नावाने हाक मारतो असं यशयाच्या पुस्तकात आहे, म्हणून मी रात्री कितीही दमले तरी नाव पूर्ण लिहिते, 'बेड ७' असं लिहीत नाही. प्रार्थना आणि काम यांच्यामध्ये त्यांच्या मनात भिंत नव्हती. मी देवाबद्दल त्यांच्याइतकी ठाम नाही. बेड ७ लिहिणं मात्र मीही सोडलं.

'पळून गेले' हा शब्द मला सगळ्यात जास्त सलतो. सरकारी दवाखान्यांतलं शुल्क युगांडाने २००१ साली रद्द केलं, मिशन हॉस्पिटलांना मात्र थोडं तरी घ्यावं लागतं. सरकारचं अनुदान असतं, ते पुरत नाही, परदेशी देणग्या घटत चालल्यात. मग बरं झालेलं मूल घेऊन आई पहाटे कुंपणातून निघून जाते. आमच्याकडे अशांच्या मागे कुणी धावत नसे. सिस्टर तो शब्द लिहायच्या आणि मेट्रनला सांगायच्या, पुढच्या वेळी ती आली तर जुना हिशेब काढू नका, नाहीतर ती येणारच नाही. वर्षाअखेरीला हे आकडे बघून शुल्क ठरवायची बैठक होई, आणि तिथे रेकॉर्डवाल्याचा शब्द डॉक्टरांच्या शब्दाइतकाच चाले. कुठल्या सब-काउंटीतून माणसं पळतात हे त्याला माहीत होतं. त्या वर्षी मुलांच्या वॉर्डाचं शुल्क वाढलं नाही.

आता संगणक आलेत. दर आठवड्याचे साथींचे आकडे मोबाइलवरून जिल्ह्याला जातात, ते चांगलंच आहे. पण संगणकात जाण्याआधी कुणीतरी आजीला गाव विचारावंच लागतं. परदेशातून देणगी येते ती इमारतीला, यंत्राला, ज्यावर पाटी लावता येते अशा गोष्टीला. माझ्या वेळी रेकॉर्ड ऑफिसातल्या त्या मुलाचा पगार तीन महिने थकला होता, कारण त्या जागेसाठी कुणाच्याच प्रकल्पात रक्कम धरलेली नव्हती. तो येत राहिला, आणि नंतर, लग्न ठरल्यावर, एका कंपनीत निघून गेला. त्याच्या जागी काही महिने कुणीच नव्हतं. त्या महिन्यांत गावाचे रकाने रिकामे आहेत.

मिरजेत किंवा पुण्यामुंबईत कुणी अशा हॉस्पिटलला मदत करायचं मनावर घेत असेल, आणि मला बऱ्याच जणांनी विचारलंय, तर मी यंत्राचं नाव सांगत नाही. रेकॉर्ड ऑफिसातल्या एका माणसाचा वर्षाचा पगार किती, ते हॉस्पिटलला विचारा म्हणते. आणि शक्य असेल तर सलग पाच वर्षं द्या.